भट्टीवर भाजलेला ठेका कामगार आणि त्याची भरपाई: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या ओतकाम कारखान्यातले आहे. ओळख पटू नये म्हणून नावे आणि गाव वगळले आहे. घटना ऑगस्ट २०२२ ची, म्हणून सगळी कलमे त्या वेळच्या कायद्यांची आहेत: कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ (पुढे ईएसआय) आणि कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावले गेले आहेत. त्यानंतरच्या अपघातासाठी कलमांचे आकडे संहितेतून पाहावे लागतील.

पार्श्वभूमी

कामगाराचे वय ३१. ठेकेदाराकडून आलेला हेल्पर, कारखान्यात १४ महिने काम केलेला. रोज ६०० रुपये, महिन्याला २६ हजेऱ्या धरल्या तर १५,६०० रुपये. पगार थोडा रोख, बराचसा मुकादमाच्या फोनवरून यूपीआयने. पगारपत्रक नाही, नेमणुकीचे पत्र नाही, ईएसआयचा विमा क्रमांक नाही. कारखान्याचे स्वतःचे चाळीसेक कामगार ईएसआयमध्ये नोंदलेले होते. ठेकेदाराच्या सहा माणसांपैकी एकाचीही नोंद नव्हती.

काम इंडक्शन भट्टीवर, म्हणजे विजेने धातू वितळवणाऱ्या भट्टीवर, भंगार टाकण्याचे. पावसाळ्यात भंगाराचा ढीग पत्र्याच्या बाहेर, उघड्यावर होता. त्या रात्री घमेल्यातून टाकलेल्या टर्निंगच्या बुऱ्यात (लेथवर निघालेल्या लोखंडाच्या कीसात) पाणी अडकलेले होते. वितळलेले लोखंड १,४०० अंशांच्या वर असते. त्याच्या पृष्ठभागाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या साधारण १,६०० पट जागा लागते. ती जागा मिळवताना वाफ वरचा धातू उडवते. भंगार आधी तापवून कोरडे करणे किंवा निदान छपराखाली ठेवणे, एवढ्याने हा अपघात टळतो. ओतकामात हे सगळ्यांना ठाऊक असते आणि दर पावसाळ्यात कुठेतरी ते राहून जाते.

उष्णतारोधक कोट पाळीला तीनच होते आणि ते भट्टी ऑपरेटर वापरत. हेल्परच्या अंगात पॉलिएस्टर मिसळलेला शर्ट होता. तो वितळून कातडीला चिकटला, त्यामुळे हातावरची जखम अधिक खोल गेली. उजवा हात आणि मनगट मिळून ६ टक्के, मानेची उजवी बाजू १ टक्का, उजवी मांडी ४ टक्के, म्हणजे शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी ११ टक्के भाजले. हाताच्या पाठीवर आणि अंगठ्याच्या बेचक्यात जखम कातडीच्या पूर्ण जाडीची होती. सहकाऱ्यांनी घाईत हातावर ग्रीस लावले. भाजल्यावर हवे असते ते नळाचे वाहते पाणी, किमान २० मिनिटे, आणि सूज चढण्याआधी अंगठी-कडे काढून घेणे.

अडचण कुठून सुरू झाली

ठेकेदाराच्या माणसाने त्याला रात्रीच जवळच्या खासगी रुग्णालयात नेले आणि केसपेपरवर कारण सांगितले: ‘घरी स्टोव्हचा भडका.’ कामगार वेदनेने अर्धवट शुद्धीत होता. केसपेपरवरच्या या एका ओळीने पुढचे चार महिने खाल्ले. उपचार करणाऱ्या डॉक्टरने पहिल्या तासात लिहून घेतलेला इतिहास चौकशीत सगळ्यांत आधी वाचला जातो, कारण त्या वेळी भरपाईचा विचार कुणाच्या मनात नसतो असे मानले जाते. इथे तो विचार होता, फक्त तो ठेकेदाराच्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी पत्नी आणि थोरल्या भावाने रुग्णाला सरकारी रुग्णालयात हलवले. तिथे भावाने आग्रह धरून ‘कारखान्यात भट्टीवर काम करताना उडालेल्या धातूने भाजले’ असे लिहून घेतले आणि मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद झाली. आधीच्या रुग्णालयाचा कागद खोडून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे फार बरे झाले. खाडाखोड केलेला केसपेपर दोन्ही बाजूंना निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याचा जबाब तारीख-वेळेसह नोंदवला गेला आणि पहिला इतिहास कुणी सांगितला होता तेही त्यात आले. जखमांचे वर्णनही मदतीला आले. स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या कातडीत लोखंडाचे थिजलेले कण सापडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट घडली. कारखान्याच्या कोडवर त्याची ईएसआय नोंदणी अचानक झाली. रुजू झाल्याची तारीख अपघाताच्या आठ दिवस आधीची आणि रोज ४५० रुपये. नव्या कामगाराची नोंदणी दहा दिवसांत करायची असते. तारीख त्या खिडकीत बसवली की १४ महिन्यांची थकलेली विम्याची वर्गणी दिसत नाही. घरच्यांना वाटले, चला, कार्ड तर मिळाले. प्रत्यक्षात त्या ४५० च्या आकड्यात आयुष्यभराचे नुकसान दडलेले होते. त्याचा हिशेब पुढे येतो.

पाचव्या दिवशी ठेकेदार ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन वॉर्डात आला: दीड लाख रुपये घ्या, कारखान्याविरुद्ध कसलाही दावा नाही असे लिहून द्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दीड लाखांचा. घरात दुसरी कमाई नव्हती, म्हणून तो हलका समजू नये. पण पुढे किमान एक शस्त्रक्रिया, व्रण दाबून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि महिनोन्‌महिने बिनपगारी, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पत्नीने त्यातले २० हजार ‘उपचार खर्चासाठी उचल’ अशी पावती लिहून घेतले आणि स्टॅम्प पेपरवर सही केली नाही. सही झाली असती तरी ईएसआयचा लाभ बुडाला नसता. तो लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते, मालक नव्हे, आणि कलम ६० नुसार तो कुणाच्या नावे करून देता येत नाही. पण असा कागद चौकशी अधिकाऱ्यासमोर आला की कामगाराने प्रकरण मिटवले असा समज होतो आणि फाइल थंडावते.

दुसरा पर्याय १९२३ च्या कायद्याखाली नुकसानभरपाई आयुक्तांकडे दावा. ओळखीच्या वकिलांनी हाच सुचवला आणि अर्जाचा मसुदाही तयार केला. त्याचे गणित असे: कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायचे. ३ जानेवारी २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते. ३१ वर्षांचा गुणक २०५.९५. म्हणजे ९,००० × २०५.९५ = १८,५३,५५० रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका त्यातला वाटा. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, आणि रक्कम महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. एकरकमी लाखांचा आकडा दिसत असल्याने घरच्यांचा कल इकडेच होता.

पण इथे एक आडकाठी होती आणि तिच्यावर अनेक दावे वर्षानुवर्षे अडकून शेवटी फेटाळले जातात. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ नुसार विमाधारक कामगाराला त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली किंवा अन्य कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. ‘आमची तर नोंदच नव्हती, मग आम्ही विमाधारक कसे?’ हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर व्याख्येत आहे: ज्याच्यासाठी वर्गणी ‘देय आहे किंवा होती’ तो विमाधारक. मालकाने भरली की नाही याला महत्त्व नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या एका निकालात हेच सांगितले. कारखाना ईएसआयच्या कक्षेत, वेतन २१,००० च्या मर्यादेत, म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून विमाधारक होता. आयुक्तांपुढे दावा लावला असता तर १४ महिने वर्गणी बुडवणाऱ्या कारखान्यानेच कलम ५३ पुढे केले असते.

तिसरा पर्याय ईएसआयचाच, पण खरी तारीख आणि खरे वेतन सिद्ध करून. ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी आधी भरण्याची जबाबदारी कलम ४० नुसार मुख्य मालकावर असते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. रोजगारातल्या दुखापतीच्या लाभाला किमान वर्गणीची अट नाही. मालकाने कसूर केली तर महामंडळ लाभ देऊन कलम ६८ खाली मालकाकडून वसुली करू शकते.

दिवाणी नुकसानभरपाईचा विचार झाला आणि कलम ५३ मुळेच सोडून दिला.

तुलना आणि निर्णय

कोणता मार्ग कायद्याने खुला आहे एवढेच पाहून थांबले नाहीत, आकडेही मांडले. तेव्हा अपंगत्व किती ठरेल ते माहीत नव्हते, म्हणून गणित टक्केवारी बदलून केले. इथे शेवटी ठरलेले २२ टक्के घेऊ.

१९२३ चा कायदा: १८,५३,५५० च्या २२ टक्के, ४,०७,७८१ रुपये, एकदाच. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ७,५००.

ईएसआय: तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या ९० टक्के, ६०० वर ५४० रुपये रोज. कायमच्या अंशतः अपंगत्वात त्या ५४० च्या २२ टक्के, ११८.८० रुपये रोज, ३० दिवसांचे ३,५६४ रुपये, हयातभर. ४,०७,७८१ रुपयांचा आकडा साडेनऊ वर्षांत गाठला जातो आणि माणूस एकतीस वर्षांचा आहे. पुढच्या शस्त्रक्रियाही महामंडळाच्या खर्चाने. ‘एकरकमी’ या शब्दाची ओढ मोठी असते, पण तरुण कामगाराच्या बाबतीत हिशेब बहुतेकदा असाच उलटा निघतो.

आता ४५० चा खेळ पाहा. ४५० च्या ९० टक्के ४०५, त्याच्या २२ टक्के ८९.१०. रोज २९.७० रुपये कमी, महिन्याला ८९१ रुपये, आयुष्यभर. म्हणूनच मिळालेल्या कार्डावर समाधान मानून बसणे परवडणारे नव्हते.

निर्णय झाला: ईएसआय, वेतन आणि तारीख दुरुस्त करून. त्याचबरोबर १९२३ च्या कायद्याचा अर्ज तयार ठेवायचा. त्या दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे, म्हणजे ऑगस्ट २०२४. मे २०२४ पर्यंत महामंडळाने तो विमाधारक नाही असे ठरवले, तरच तो दाखल करायचा. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली होती.

केलेली कारवाई

नवव्या दिवशी महामंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. प्रत कारखान्याला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. कारखान्याला दिलेल्या पत्रात दोन मागण्या होत्या: फॉर्म ११ च्या अपघात नोंदवहीतली नोंद आणि फॉर्म १२ च्या अहवालाची प्रत द्यावी, आणि गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. चित्रण जपले गेले नाही. अशा यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसले जाते आणि पत्र पोहोचेपर्यंत नऊ दिवस गेले होते.

तारीख आणि वेतनासाठी पुरावा असा उभा राहिला. १४ महिन्यांचे बँक विवरण काढून मुकादमाकडून आलेल्या यूपीआय रकमा रंगीत पेनाने खुणावल्या. प्रत्येक रकमेसमोर त्या महिन्याच्या हजेऱ्या आणि रोख उचल लिहिली. बहुतेक महिन्यांत भागाकार ६०० च्या आसपास आला. दोन महिन्यांत आला नाही आणि तिथे ओढूनताणून जुळवण्याऐवजी ‘रोख रकमेची नोंद नाही’ असे सरळ लिहिले. पाळी कळवणारे मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश फोनसकट जपले, नुसत्या छपाईवर विसंबले नाहीत. सुरक्षा रक्षकाच्या गेट रजिस्टरमध्ये २०२१ च्या जूनपासून त्याचे नाव होते. ते रजिस्टर महामंडळाच्या सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याने तपासणीत ताब्यात घेतले आणि प्रकरणाचा तोल तिथेच फिरला. सहकाऱ्यांपैकी दोघांनी जबाब दिले. तिसऱ्याने दिला नाही, कारण तो त्याच ठेकेदाराकडे कामाला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कारखान्याचा बचाव होता की ओला बुरा टाकायचा नाही ही सूचना हेल्परने मोडली. याला कायद्यात उत्तर आहे. कलम ५१अ नुसार कामाच्या ओघात झालेला अपघात, उलट पुरावा नसेल तर, कामामुळेच झाला असे गृहीत धरतात. कलम ५१ब नुसार सूचना मोडून केलेले कामही, ते मालकाच्या धंद्यासाठीच केलेले असेल, तर संरक्षणाबाहेर जात नाही. बुरा घरी नेण्यासाठी कुणी भट्टीत टाकत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये दुखापत रोजगारातली म्हणून मान्य झाली आणि वेतन ६०० धरले गेले. सरकारी रुग्णालयातल्या दिवसांचे कागद पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारले. पहिल्या रुग्णालयाच्या ३८,४०० रुपयांच्या बिलावर कुटुंब आणि कारखाना दोघांनी दावा सांगितला. भरणा कारखान्याने केल्याचे दिसल्यावर कुटुंबाने तो सोडला.

अपंगत्वाची टक्केवारी: सर्वांत निसरडी जागा

भाजण्याचे टक्के आणि अपंगत्वाचे टक्के यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पाठ १५ टक्के भाजूनही माणूस पूर्ववत कामाला लागू शकतो, आणि अंगठ्याच्या बेचक्यातला अर्धा टक्का हात बंद करून टाकू शकतो. कायद्याच्या अनुसूचीत अवयव तुटण्याचे टक्के दिले आहेत, उदाहरणार्थ अंगठा गेल्यास ३०, तर्जनी पूर्ण गेल्यास १४. भाजल्याच्या व्रणांना तिथे जवळजवळ जागाच नाही, चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता सोडली तर. म्हणून भाजलेल्या माणसाचे मूल्यांकन कमाईची क्षमता किती गेली यावर होते, आणि ते मांडावे लागते. आपोआप कुणी मोजत नाही.

मे २०२३ मधल्या पहिल्या मेडिकल बोर्डापुढे (अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे) कामगार फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन गेला. बोर्डाने मनगट आणि बोटांची हालचाल पाहून तात्पुरते ८ टक्के दिले. घरच्यांना लगेच अपील करायचे होते. इथे थांबण्याचा निर्णय घेतला गेला, आणि आमच्या मते तो योग्य होता. मूल्यांकन तात्पुरते होते आणि व्रण अजून लाल, जाड, आक्रसणारा होता. भाजल्याचा व्रण पक्व व्हायला १२ ते १८ महिने जातात. जुलैमध्ये अंगठ्याचे बेचके सोडवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तात्पुरत्या अपंगत्वाचे आणखी ४६ दिवस मिळाले. आधीचे २१२ धरून २५८ दिवस, रोज ५४० प्रमाणे १,३९,३२० रुपये.

मधल्या काळात अंतिम बोर्डासाठी वेगळी फाइल बांधली. ऑक्युपेशनल थेरपिस्टने कोनमापकाने प्रत्येक सांध्याची हालचाल तीन वेळा, वेगवेगळ्या तारखांना मोजली. पकडीची ताकद उजव्या हाताची १४ किलो, डाव्या हाताची ३६ किलो, आणि माणूस उजवा. प्लास्टिक सर्जनच्या पत्रात निर्णायक मुद्दा होता: रोपण केलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, ती उष्णता सहन करत नाही, त्यामुळे भट्टीजवळ उभे राहणे वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य. त्यासोबत भट्टीवरच्या हेल्परच्या कामाचे एक पानी वर्णन: किती किलोचे घमेले, किती वेळा, भट्टीपासून किती अंतरावर.

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापावा लागल्याने त्याच्या सुतारकामापुरती कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे मानले होते. तो निकाल १९२३ च्या कायद्याखालचा, पण विचाराची दिशा तीच असल्याने अर्जात त्याचा उल्लेख केला.

जानेवारी २०२४ मध्ये अंतिम बोर्डाने २२ टक्के दिले.

निष्पत्ती

दरमहा सुमारे ३,५६४ रुपयांचा लाभ हयातभर सुरू झाला. आधी ८ टक्क्यांनी दिलेली रक्कम वजा करून फरक मिळाला. कारखान्याकडून सहाही ठेका कामगारांची थकलेली वर्गणी व्याजासह वसूल झाली आणि बाकीच्या पाच जणांची नोंदणी झाली. मे २०२४ साठी राखून ठेवलेला १९२३ च्या कायद्याचा अर्ज वापरावा लागला नाही. कामगार आता दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला आहे, रोज ४८० रुपयांवर.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या रुग्णालयात घरचे माणूस सोबत असते तर चार महिने वाचले असते. कारखान्यातल्या सहकाऱ्याने घरी फोन करायला पहाट उजाडू दिली, कारण मुकादमाने थांब म्हटले.

सीसीटीव्हीचे पत्र दुसऱ्याच दिवशी, हाताने लिहून, गेटवर पोच घेऊन देता आले असते. त्यासाठी वकिलाची वाट पाहण्याची गरज नव्हती. अपघाताची तारीख, वेळ, भट्टीचा क्रमांक आणि ‘चित्रण जपून ठेवावे’ एवढे चार ओळींत बसते.

पहिल्या बोर्डापुढे रिकाम्या हाताने जाणे ही चूकच. तात्पुरत्या मूल्यांकनावरच कित्येक महिने पैसे येतात, आणि कमी आकडा एकदा फाइलवर बसला की अंतिम बोर्ड तिथूनच सुरुवात करते. पकडीची मोजणी आणि कामाचे वर्णन मे महिन्यातही देता आले असते.

२२ टक्क्यांवर अपील करावे का, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. मेडिकल अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते. उष्णतेच्या मुद्द्याला बोर्डाने पुरेसे वजन दिले नाही असे कागद वाचून वाटते, कारण हालचाल आणि पकड यांचाच हिशेब २२ च्या जवळ पोहोचतो. कामगाराने अपील केले नाही. रोजच्या ४८० पैकी एक दिवस तारखेला घालवणे त्याला नको होते.